न बोलणाऱ्यांना फोन

कंपनीत तिला सगळे आठवणबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. ज्यांचे महिन्याचे पैसे कंपनीला पोचले नाहीत त्यांना फोन करून आठवण द्यायची, हे तिचं काम. त्याला कुणी वसुली म्हटलं की मात्र तिचं डोकं फिरे. "वसुलीवाले लोकांच्या दारात जाऊन उभे राहतात," ती म्हणायची, "मी आपली खुर्चीत बसते आणि नीट बोलते." नीट बोलण्याचा तिचा दावा सगळ्यांना मान्य होता असं नाही. पण तिच्या तोंडाला लागायची हिंमत दुसऱ्या मजल्यावर कुणाला नव्हती.

कंपनीचा धंदाही जगावेगळा होता. ती आवाज सांभाळायची. घशाच्या ऑपरेशननं किंवा कसल्या आजारानं ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसं आधीच येऊन एका काचेच्या खोलीत बसत आणि सहाशे वाक्यं मोठ्यानं वाचत. ती वाक्यं कुणी लिहिली होती देव जाणे. 'काका पिवळी छत्री पुलावर विसरले' असली. घशात गाठ घेऊन बसलेल्या माणसानं काकांच्या छत्रीची काळजी करायची! पण त्या वाक्यांतून यंत्र त्या माणसाचा आवाज उभा करी. पुढे आवाज गेला की त्याच्या हातात एक पाटी येई, लहान मुलांच्या पाटीएवढा पडदा. त्यावर टाइप केलं की पाटी त्याच्याच आवाजात बोले. म्हणजे आवाज माणसाचा, पण राहायला कंपनीच्या तळघरात, आणि दर महिन्याला भाडं.

भाडं चुकलं तर काय, हे सगळं ठरलेलं होतं. यंत्र पहिल्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी कार्डावरून पैसे घेऊन बघे. नाही मिळाले की पत्र जाई आणि ते नाव आठवणबाईच्या यादीत येई. बहुतेक वेळा कार्डाची मुदत संपलेली असे, बँकेनं काहीतरी नवं काढलेलं असे, कधी माणूसच गेलेला असे. पंधराव्या दिवशी खातं झोपे. झोपलं की पाटी बंद पडत नसे, पण माणसाच्या आवाजात न बोलता कंपनीच्या आवाजात बोलू लागे. तो एक गुळगुळीत, फार अदबीचा पुरुषी आवाज होता. बायका-पुरुष सगळ्यांना तोच. ऑफिसात त्याला 'जावईबापू' म्हणत. नव्वद दिवस झाले की मूळ आवाज पुसून टाकत.

आता जिथे गिऱ्हाइकाला बोलताच येत नाही तिथे फोनवर बोलायचं कसं? ती नोकरीला लागली तेव्हा तिच्या नवऱ्यानं हसून हसून डोळे पुसले होते. पण ती आधी एकोणीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, ते बंद पडलं म्हणून इथे आली होती, आणि कान हीच तिची कमाई होती. बहुतेक घरांत मुलगा, सून, कुणीतरी फोन घेई. जे एकटे असत त्यांना ती सांगे, "फोनवर बोटानं टिचकी मारा. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे परत सांगा." चौथा प्रकार लोकांनीच शोधला. सारख्या टिचक्या मारत सुटले की समजायचं, बाई, आता पुरे. नऊ वर्षांत तिचा कान इतका तयार झाला होता की टिचकीवरून तिला राग कळे, लाज कळे, खोटं बोलणंही कळे. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. तिनं काढलं, चाललं, कुणी अडवलं नाही.

अशा टिचकीवाल्यांपैकी एक होते टेलर मास्तर.

मास्तर सत्तरी ओलांडलेले, शिवणकामातून निवृत्त. तीन वर्षांपूर्वी त्यांचा घसा गेला. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मूलबाळ नाही. बायकोची दृष्टी त्याही आधी गेलेली, बारा वर्षं तिला काही दिसत नव्हतं. हे सगळं आठवणबाईला ठाऊक होतं, कारण दोन वर्षांपूर्वी कसल्याशा किरकोळ कामासाठी मास्तरांचा फोन आला होता आणि पाटीवर टाइप करत करत ते चाळीस मिनिटं बोलले होते. आवाज थोडा नाकातला. वाक्य शेवटाला वर जायचं, जणू प्रत्येक गोष्टीचं माणसाला नवलच वाटतंय. ते बायकोला दिवसभर बाहेरचं वर्णन सांगत. समोर कुणी नवा पडदा लावला, तो कुठल्या रंगाचा, कापड कसलं, शिलाई कशी बिघडवली आहे. "डोळे तिचे गेले आणि तोंड माझं," मास्तर म्हणाले होते, "दोघांत मिळून एक धड माणूस होतं बघा." त्या दिवशी आठवणबाईचे सहा फोन राहिले आणि साहेबांची बोलणी खावी लागली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

तर या वर्षी मास्तरांचं नाव यादीत आलं. कार्डाची मुदत संपली होती. नवं कार्ड घरी आलेलं होतं, पण ते चालू करायचं तर बँकेला फोन करावा लागे, आणि बँकेचं यंत्र म्हणे, आपलं पूर्ण नाव स्पष्ट उच्चारा. मास्तरांनी पाटीकडून नाव म्हणवून घेतलं. तेव्हा पाटीत त्यांचाच आवाज होता. बँकेच्या यंत्रानं सांगितलं, हा आवाज खरा वाटत नाही, कृपया शाखेत या. आठवणबाईनं पहिला फोन केला तेव्हा हे सगळं मास्तरांनीच सांगितलं, त्यांच्या आवाजात, नवल करत.

"मग जा की शाखेत," ती म्हणाली.

"जातो. पण हिला एकटीला टाकून अर्धा दिवस कसा जाऊ? शेजारची येईल म्हणालीय. तिला सवड झाली की जातो."

शेजारणीला सवड होईना. पंधरा दिवस भरले, खातं झोपलं. बाविसाव्या दिवशी आठवणबाईनं दुसरा फोन केला. फोन उचलला गेला, पण पलीकडे नुसता श्वास.

"मास्तर, पाटीवरून बोला. जावईबापू का असेना, बोलतो तर खरा."

दोन टिचक्या. नाही.

"का हो?"

'का'चं उत्तर टिचकीत देता येत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती विचारून बसली. मग स्वतःच अंदाज करत गेली. पाटी बिघडली का? नाही. तुम्हाला तो आवाज आवडत नाही? हो. काकूंना आवडत नाही? एक टिचकी, जोरात. त्या घाबरतात? बराच वेळ काही नाही, मग एक. तेवढ्यात लांबून, आतल्या खोलीतून असावं, बाईमाणसाचा अगदी बारीक आवाज आला. कोण आलंय, असं काहीतरी. आठवणबाईला सगळं चित्र दिसलं. ज्या बाईला नवरा म्हणजे एक आवाज, तिच्या घरात एक परका गुळगुळीत पुरुष बोलायला लागला होता.

"मग तुम्ही दोघं बोलता कसे? तळहातावर लिहिता?"

एक टिचकी.

फोन ठेवून तिनं एक बेकायदा गोष्ट केली. स्वतःचं कार्ड काढलं आणि मास्तरांच्या खात्यावर पैसे भरून बघितले. यंत्रानं उत्तर दिलं, नाव जुळत नाही. साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं आणि ते कबूल करायची त्याला चोरी होती, म्हणून तो 'प्रक्रिया' म्हणे. "प्रक्रियेत दुसऱ्याचं कार्ड बसत नाही," तो म्हणाला, "पण नव्वद दिवस आहेत ना? एवढी काय घाई?"

घाई तिलाच होती. त्या घरात जावईबापू बसलेला तिला बघवत नव्हता. म्हणून तेहतिसाव्या दिवशी, गुरुवारी, तिनं तिसरा फोन केला. तो केला नसता तरी चाललं असतं.

"मास्तर, शेजारीण तयार झाली?"

एक टिचकी. हलकी, खुशीची.

"कधी? उद्या? शनिवारी? सोमवारी?"

सोमवारला एक टिचकी.

"वा! सोमवारी कार्ड चालू करा, मला कळवा, पाच मिनिटांत तुमचा आवाज घरी. काकूंना सांगा."

यावर मास्तरांनी एकामागून एक इतक्या टिचक्या मारल्या की ती हसलीच. या वेळी त्याचा अर्थ 'पुरे' नव्हता. त्या संध्याकाळी ती कधी नव्हे ती गुणगुणत घरी गेली.

शुक्रवारी सकाळी तिनं यादी उघडली तर मास्तरांचं नाव नाही. तिला आनंद झाला. वाटलं, बाबा कालच जाऊन आला, भरले पैसे. कौतुकानं तिनं खातं उघडून बघितलं.

खात्यावर लिहिलं होतं, 'प्रतिसाद नाही: तीन वेळा. ग्राहकाने खाते सोडून दिले आहे. आवाज पुसला.' खाली आदल्या दिवशीची संध्याकाळची वेळ होती.

तिला आधी कळेचना. मग तिनं शोधलं आणि कळलं. दोन महिन्यांपूर्वी फोनचं नवं यंत्र आलं होतं. ते प्रत्येक फोन ऐके, भरून ठेवी आणि स्वतःच शेरा मारी. माणूस बोलला तर 'संपर्क झाला', नाही बोलला तर 'प्रतिसाद नाही'. टिचकी म्हणजे त्याच्या लेखी नुसती खरखर. पहिल्या फोनला मास्तर पाटीतून बोलले होते, तर त्याचाही शेरा तोच, कारण यंत्राचा आवाज यंत्राला माणसाचा वाटत नाही! आणि तीन वेळा प्रतिसाद नाही आला, की नव्वद दिवस थांबायची गरज उरत नसे. न बोलणाऱ्यांच्या कंपनीनं न बोलणाऱ्याला टाकून दिलं होतं, कारण तो बोलला नाही. काय म्हणावं याला? आणि यंत्राला शिव्या देऊन तरी काय, तिन्ही फोन तिनंच केले होते.

या नियमाचं पत्रक तिला आलं होतं. सतरा पानं. शेवटी 'वाचलं, समजलं' असं बटण. ते तिनं सगळ्यांसारखं न वाचता दाबलं होतं. जी बाई नऊ वर्षं लोकांना म्हणत आली, "अहो, आम्ही पत्र पाठवलं होतं, वाचत का नाही तुम्ही," तिनं स्वतःचं पत्र वाचलं नव्हतं. ती खुर्चीत बसून राहिली. यादीतले बाकीचे फोन करायला हात धजेना. मग आधी तिनं ज्यांच्यावर दोनदा 'प्रतिसाद नाही'चा शेरा पडला होता ती नावं शोधून काढली. चार निघाली. चारही कागदावर लिहून तिनं कागद ब्लाउजमध्ये ठेवला आणि तळघरात गेली.

तळघरातल्या तंत्रज्ञानं तिचं सगळं ऐकून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच तिला उत्तर कळलं होतं.

"ताई, चोरीला गेलेला आवाज फार वाईट. कुणीही कुणाच्या नावानं बोलेल. म्हणून आपण पुसतो ते मुळापासून पुसतो. ती सहाशे वाक्यंसुद्धा. कॉपी ठेवत नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही. त्याचंच तर बक्षीस मिळालंय आपल्याला." मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. "तुमचे त्यांच्याबरोबरचे फोन आहेत. ते सात वर्षं ठेवतो आपण."

"दोन वर्षांपूर्वीचा? चाळीस मिनिटांचा?"

"तेव्हा हे यंत्र नव्हतं ताई. आणि या वर्षीच्या पहिल्या फोनातला पाटीचा आवाज यंत्रानं बनावट म्हणून गाळून टाकलाय. नुसत्या टिचक्या आहेत."

म्हणजे मास्तरांच्या टिचक्या कंपनी सात वर्षं जपणार होती.

साहेबांनी कपाळाला हात लावला. खरंच लावला, नाटक नव्हतं ते. त्यांनी वर फोन केला, वरच्यांनी त्यांच्या वर केला, आणि दुपारपर्यंत उत्तर आलं, की पुढच्या सुधारणेत टिचकीचा विचार करू, ती चार नावं थांबवून ठेवू, आणि या ग्राहकाशी कायदा विभागाचा मजकूर आल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. मजकूर सोमवारी येईल.

शनिवार, रविवार ती घरी होती. नवऱ्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं आणि त्या धंद्यात तोंड बंद ठेवलं तर गिऱ्हाईक उठून जातं. त्यामुळे घरी आल्यावरही त्याची टकळी चालूच असे. रोज ती त्याला गप्प बसवायची. या वेळी तो जेवताना कुणाच्या तरी टकलाची गोष्ट सांगत होता आणि ती मधे एक शब्द न बोलता ऐकत होती. शेवटी त्यालाच चमत्कारिक वाटलं.

"बरं नाही का तुला?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, बटणासकट. तो घास हातात धरून बसला. 

"बोल ना काहीतरी," ती ओरडली आणि रडू लागली.

सोमवारी दुपारी एकला तिच्या पडद्यावर हिरवी ओळ आली. मास्तरांचे पैसे जमा. त्याबरोबर कंपनीचं स्वागतपत्रही गेलं, आपण परतलात याचा आम्हाला आनंद आहे. कायदा विभागाचा मजकूर टेबलावर येऊन पडला होता. 'आपल्या आवाजाचा साठा धोरणानुसार निवृत्त करण्यात आला आहे.' तिनं तो दोनदा वाचला. आवाजाला काय निवृत्तिवेतन देणार होते की काय? तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार," जावईबापू म्हणाला, अदबीनं. "मी टेलर मास्तर. पैसे भरले. बँकेत दोन तास लागले. आवाज अजून आला नाही. किती वेळ लागेल?"

तिनं कागद उलटा करून ठेवला.

"मास्तर," ती म्हणाली, "आवाज पुसला गेला. परत येणार नाही. मी तुम्हाला फोन केले ना, ते यंत्रानं चुकीचे धरले. मला माहीत असायला हवं होतं, मी वाचलं नव्हतं. माझ्यामुळे गेला."

पलीकडे काही नाही. ती थांबली. आयुष्यभर तिनं फोनवरच्या शांततेचे अर्थ लावले होते, पण या शांततेचा अर्थ लावायचं तिला धाडस झालं नाही. मग बोटांचा पडद्यावरचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"तुम्ही तर आठवण देत होता," जावईबापू म्हणाला. त्याच गोड सुरात. दुसरा सूर त्याच्याकडे नव्हताच. मग म्हणाला, "हिला तुम्ही सांगा. या आवाजात मला तिला हे सांगायचं नाही."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"बोला बाई," मास्तरांची बायको म्हणाली. म्हातारा, पण खणखणीत आवाज. "हे चार दिवस नुसतं सोमवार सोमवार लिहितायत हातावर. आज सोमवारच ना? आला का?"

"नाही काकू. यायचा नाही आता. आमच्याकडून पुसला गेला."

"सगळा?"

"सगळा. काकू, तुमच्याकडे काही जुनं आहे का? लग्नाकार्यातलं, फोनमधलं, कुठेही भरून ठेवलेलं? एक वाक्य असलं तरी..."

"माणूस घरात होता," म्हातारी म्हणाली. "घरातल्या माणसाचं बोलणं भरून कोण ठेवतं?"

 आठवणबाईला माफी मागायची होती, पण मागून म्हातारीच्या पदरात काय पडणार होतं? ती नुसती फोन घट्ट धरून बसली.

"बाई, एक काम कराल?" म्हातारी हळू म्हणाली. "मला आत्ता लख्ख आठवतंय. आणखी वर्षानं आठवेल की नाही, सांगता येत नाही. ते मला सरकार म्हणायचे. बाहेरून आले की दारातूनच. मी म्हणून दाखवते, तुमच्या कानात ठेवा. कुठेतरी असू दे."

"म्हणा काकू."

"सरकाऽर." ती थांबली. "नाही. शेवटाला वर न्यायचे. सरकार?... छे, हे माझंच झालं. जरा नाकातून होतं ते. सरकाऽऽ... नाही बाई, असं नव्हतं. थांबा हं. परत म्हणते."